दोन कुलपांचं कपाट आणि माझी एक किल्ली

मी, ढुंढिराज अनंत गायधनी, वय वर्षे ७६, व्यवसाय तीर्थोपाध्याय, राहणार पंचवटी, नाशिक, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि पूर्ण शुद्धीवर असताना करून ठेवत आहे. पत्नी कुसुम हिचं म्हणणं असं, की ही शुद्ध यायला मला चोवीस वर्षं लागली. तिचं म्हणणं नोंदवून घेतलं आहे. उद्या सकाळी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचं काही कारण नाही, पण त्यांनीच माझ्या तीन ठिकाणी सह्या घेतल्या, तेव्हा मीही एक कागद करून ठेवलेला बरा.

यापूर्वी मी तीन मृत्युपत्रं केली आहेत. तिन्ही रागाच्या भरात केली, ती रद्द समजावीत. तिन्हींत एक वाक्य सारखं आहे, 'धाकटा भाऊ मार्तंड यास माझ्या तेराव्यास बोलावू नये.' तेही रद्द. बोलवावं. लाडू आग्रहाने वाढावा, मागून घ्यायला तो लहानपणापासून लाजतो.

कलम १. पंचवटीतील राहती सदनिका माझ्या पश्चात कुसुमची. तिच्यानंतर मुलगा मयुरेश व मुलगी सई यांची समसमान. स्वयंपाकघरातली फरशी बदलायची का नाही यावर कुसुमचा व माझा एकोणीस वर्षं मतभेद आहे. आता तिने बदलावी. रंग मात्र पांढरा घेऊ नये, एवढं माझं ऐकावं.

कलम २. बँकेतील ठेव कुसुमची. पासबुक देवघराच्या खणात आहे. तिला ते ठाऊक आहे, पण मलाही ठाऊक आहे हे तिला कळावं म्हणून लिहिलं.

कलम ३. पूजेची तांब्याची भांडी सईला. गोदाकाठी मी जिच्याखाली बसत असे ती मोठी छत्री नाथा बिडवे याला द्यायची होती. नाथा चाळीस वर्षं माझ्या शेजारी बसून यजमानांचं क्षौर करतो आहे. परंतु तो या कागदावर साक्षीदार आहे, आणि माझे वकील ॲड. धम्मपाल पगारे म्हणाले, "काका, ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नका. उद्या कोणीतरी शंका काढेल." म्हणून ते वाक्य खोडलं आणि छत्री आजच त्याच्या हातात दिली. नाथा म्हणाला, "पंडितजी, हिची एक काडी मोडेल हाय." ते खरं आहे.

कलम ४. जुनी स्कूटर मयुरेशला. तो पुण्यात संगणकाचं काम करतो व दरवर्षी मला म्हणतो, "बाबा, ती भंगारात द्या." ती डावीकडे आडवी केल्याशिवाय सुरू होत नाही, हे त्याने लक्षात ठेवावं. भंगारात दिल्यास माझा आत्मा कावळ्याच्या रूपाने त्याच्या गॅलरीत येऊन बसेल.

कलम ५. आता मुख्य गोष्ट, वह्यांची.

आमच्या घराण्यात यजमानांच्या नावांच्या चौदा वह्या आहेत. तांबड्या कापडात बांधलेल्या, लांबट. सटाणा, पिंपळगाव बसवंत आणि त्या बाजूच्या कित्येक गावांतलं माणूस गोदावरीवर आलं की आम्ही त्याचं गाव, कूळ विचारतो, वही काढतो आणि त्याच्या पणज्याचं नाव वाचून दाखवतो. मग तो आपलं नाव त्याखाली लिहितो. आमचे वडील अण्णा २००१ साली गेले, तेव्हा त्यांच्या उशाखाली एक चिठ्ठी सापडली. तीत इतकंच होतं, 'वह्या ज्याच्या त्याला द्याव्यात.'

मी थोरला, म्हणून मी समजलो की त्या माझ्या. वह्यांत गेली तीस वर्षं अक्षर मार्तंडचं, म्हणून तो समजला की त्याच्या. दोघांनाही चिठ्ठी अगदी स्वच्छ कळली. २००२ साली दावा लागला. निकाल लागेपर्यंत वह्या लोखंडी कपाटात ठेवायच्या, कपाट माझ्या बाहेरच्या खोलीत, त्याला दोन कुलपं, एक किल्ली माझ्याकडे आणि दुसरी मार्तंडकडे, असं ठरलं. तो समोरच्याच इमारतीत राहतो. पण आमचं बोलणं बंद होतं.

तेव्हा यजमान आला की मी कुसुमला सांगायचो, "त्याला निरोप दे, किल्ली घेऊन ये म्हणावं." तो यायचा, माझ्याकडे पाठ करून उभा राहायचा आणि म्हणायचा, "वहिनी, आधी वरचं कुलूप काढा म्हणावं." कुसुम दोघांच्या मधे उभी राहून सांगायची. कपाट अडीच हात रुंद, आम्ही दोघं त्याच्या दोन बाजूंना. एकदा ती आठ दिवस माहेरी पिंपळगावला गेली. तेव्हा आम्ही फोन टेबलावर ठेवला, त्याचा आवाज मोठा केला, आणि ती पिंपळगावाहून आमचे निरोप एकमेकांना देत राहिली. यजमान म्हणाले, नेटवर्क चांगलं आहे. मागच्या सिंहस्थात मात्र रोज एवढे लोक यायचे की कुसुमचा घसा बसला, आणि कित्येक जण वही न बघताच परत गेले. त्याचा दोष मी तेव्हा मार्तंडला दिला होता.

गेल्या वर्षी चैत्रात सटाण्याहून कुसाबाई आल्या. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या मालकांनी १९७१ साली आमच्या वहीत सही केली होती. घरात नवऱ्याचा फोटो नाही. जन्मभरात एवढं एकच अक्षरज्ञान मालकांनी करून घेतलं होतं, आपली सही. ती बघायला बाई तिसऱ्यांदा आल्या होत्या. त्या दिवशी मार्तंड किल्ली घेऊन आलाही होता. मीच अडून बसलो. कारण निरोप देताना तो नेहमी "दादाला सांगा" म्हणायचा, त्या दिवशी "त्यांना सांगा" म्हणाला. माझं डोकं फिरलं. मी माझी किल्ली कनवटीला खोचली आणि आत जाऊन झोपलो.

बाई दुपारच्या गाडीने परत निघाल्या. जाताना दारातून म्हणाल्या, "बाबा, तुमना भांडणमा मना काय गुन्हा शे?" मी झोपलेलो नव्हतो. मला ऐकू आलं. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. त्याच संध्याकाळी मी धम्मपालांना फोन केला आणि म्हणालो, मला हा दावा नको, मला कपाट उघडायचंय.

मार्तंडच्या वकील ॲड. निकिता बोरस्ते. धम्मपाल आणि त्या, दोघांनी मिळून एक नवा मार्ग सुचवला. इथल्याच द्वारका चौकात निकिताबाईंच्या ऑफिसात चौघांनी एका टेबलाशी बसायचं. कागद लपवायचे नाहीत. आणि बोलणी फिसकटून पुन्हा कोर्टात जायची वेळ आली, तर या दोन्ही वकिलांनी बाजूला व्हायचं, आम्ही नवे वकील शोधायचे. तसं लेखी करून चौघांनी सह्या केल्या. भांडण मिटलं नाही तर वकिलांचंच काम जाणार, हे ऐकून मार्तंड हसला. अर्थात खिडकीकडे बघून.

पहिल्या बैठकीत आम्ही दोघं बोलेचनात. शेवटी निकिताबाईंनी कुसुमला बोलावून घेतलं, ती आमच्या मधे बसली, आणि बैठक सुरू झाली. दुसऱ्या बैठकीत एवढंच ठरलं, की कुसाबाईंसाठी कपाट उघडायचं. त्या आल्या, सहीवर बोट ठेवून बराच वेळ बसल्या, आणि "हाई तेच शे" म्हणाल्या. मार्तंड नाक शिंकरत बाहेर गेला. मीही दुसऱ्या दाराने गेलो.

चौथ्या बैठकीत निकिताबाईंनी अण्णांची चिठ्ठी मधे ठेवली आणि विचारलं, "ज्याच्या त्याला म्हणजे कोणाला? एकेकाने सांगा." मी माझं सांगितलं. मार्तंडने त्याचं. एक तास गेला. कुसुम चहा ओतत होती. ती म्हणाली, "मामंजी तर रोज म्हणायचे, वही यजमानाची, आपण नुसते सांभाळणारे. ज्याचं नाव, त्याची वही."

मी हातातला कप खाली ठेवला. मग मी विचारलं, "हे चोवीस वर्षं का नाही सांगितलंस?"

"मला कोणी विचारलं? मला निरोप द्यायला ठेवलं होतं."

म्हणून या कलमात वह्या मी कोणालाही देत नाही. धम्मपाल म्हणतात, जे आपलं नाही ते मृत्युपत्रात लिहिता येत नाही.

त्यानंतर तडजोडपत्र तयार झालं. मार्तंडची मुलगी स्वरदा हिने पानन्‌पान फोटो काढून ज्या त्या कुळाला त्यांचं पान पाठवायचं, मूळ वह्या कपाटातच राहतील, पुढच्या सिंहस्थाला कपाटाला एकच कुलूप असेल, आणि दावा काढून घ्यायचा. मी सही केली. मार्तंड म्हणाला, "बघू." मराठीत 'बघू' म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको. तीन महिने झाले, तो बघतोच आहे. कुसुमपाशी तो म्हणाला, "दादा गेला की मयुरेश वह्या पुण्याला नेईल. मग मी कोणाकडे जाऊ?"

त्याला भीती वाटते, हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं तो फक्त हट्टी आहे.

कलम ६. म्हणून वरच्या कुलपाची माझी किल्ली माझ्या पश्चात मार्तंड अनंत गायधनी यास द्यावी. मग दोन्ही किल्ल्या त्याच्याकडे होतील. मयुरेश फोनवर म्हणाला, "बाबा, दोन्ही काकांनाच द्यायच्या होत्या तर एवढी वर्षं भांडलात कशाला?" प्रश्न बरोबर आहे. उद्या मी परत आलो नाही, आणि तडजोडपत्रावर त्याची सही नसेल, तर दाव्यात माझ्या जागी मयुरेशचं नाव लागेल आणि हे सगळं पुढच्या पिढीला चिकटेल. ते मला नको आहे, एवढंच कळतं.

कलम ७. या मृत्युपत्रावरून कोणाचा वाद झाल्यास कोर्टात जाण्याआधी टेबलाशी बसावं. कागद उघडे ठेवावेत. टेबलाशी बसलेल्या वकिलाने पुढे कोर्टात उभं राहू नये. निरोप्या वापरू नये, ज्याला सांगायचं त्यालाच सांगावं. चहा बायकांनीच करावा असं नाही, मयुरेशला येतो. आणि घरातल्या प्रत्येकाला एकदा तरी विचारावं, "तुला काय माहीत आहे?"

या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. पगारे व ॲड. बोरस्ते यांनी मिळून करावी. दोघांपैकी एकाला राग आला तर दुसऱ्याने थांबावं.

पुरवणी, माझ्या हस्ताक्षरात.

वरील मजकूर टाइप होऊन आला आणि सहीसाठी सगळे माझ्या बाहेरच्या खोलीत जमले. दुसरे साक्षीदार म्हणून धम्मपालांचे एक स्नेही यायचे होते, ते द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये अडकले. स्वरदा मार्तंडला घेऊन आली होती. तो दाराशी उभा राहून सगळं वाचत होता. कलम पाचला त्याने चष्मा पुसला. कलम सहा त्याने दोनदा वाचलं. मग म्हणाला, "साक्षीदार कमी पडतोय ना? मी करतो सही."

धम्मपाल म्हणाले, "तुम्हाला किल्ली मिळणार आहे, काका. तुम्ही नको. उद्या वाद निघेल."

"मग किल्ली काढा त्यातून."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कलम सहा खोडलं आणि बाजूला सही केली. माझी किल्ली मी सईला व स्वरदाला मिळून देतो, तशी इथे नोंद करतो. मार्तंडने खिशातून त्याची किल्ली काढली, टेबलावर माझ्या किल्लीशेजारी ठेवली, आणि म्हणाला, ही पण त्यांच्याचकडे राहू द्या. मग निकिताबाईंकडे हात पुढे केला. त्यांनी तडजोडपत्र दिलं. त्याने बसून चारही पानांवर सही केली. त्याचं अक्षर अजून सुरेख आहे.

पेनाचं टोपण लावून त्याने मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "दादा, उद्या किती वाजता निघायचं?"

मी सवयीने कुसुमकडे वळलो. ती म्हणाली, "मला काय सांगता? त्यांना सांगा."

"सहाला," मी त्याला सांगितलं. "लवकर झोप."

इथवर मी वाचलं, मला समजलं, आणि साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

मृत्युपत्र करणार
ढुंढिराज अनंत गायधनी (सही)

साक्षीदार
१. नाथा कोंडाजी बिडवे, पंचवटी (सही)
२. मार्तंड अनंत गायधनी, पंचवटी (सही) — मृत्युपत्र करणाऱ्याशी नातं: सख्खा भाऊ

ठिकाण: नाशिक
दिनांक: १३ नोव्हेंबर २०२५