कडवं झालं की बसायचं

१४ मार्च

निघालो एकदाचा! व्हॅनच्या मागच्या भागात गादी, स्टोव्ह, पाण्याचा कॅन, तंबू आणि घडीच्या दोन खुर्च्या. एकट्याला दोन कशाला, असं लेकीनं विचारलं. सवय, म्हटलं. तिची आई गेली तरी खुर्च्या जोडीनंच उचलल्या जातात. मग लेकीनं तोफ डागलीच : या वयात गाडीत झोपणार, कंबर धरली तर रस्त्यात कोण चोळून देणार? वसंत ऋतू देईल, मी म्हणालो. बाबा, तुम्ही सुधारायचे नाही, असं म्हणून तिनं मलमाच्या दोन ट्यूब खिशात कोंबल्या.

दुपारी घाटाच्या वळणावर थांबलो. उतारभर पिवळी रानफुलं, कोवळ्या पानांतून गाळून आलेलं ऊन. अशा वेळी शाळेतल्या कविता आपणहून ओठांवर येतात. मला हवी आहे ती तेवढी येत नाही. तिच्यासाठीच तर हा प्रवास.

ती कुठल्याच पुस्तकात नव्हती. गुरुजींनी संमेलनासाठी स्वतः रचलेली, वसंतावर. चार कडवी, चौघांना वाटून दिलेली : पैलवानाला पहिलं, चष्मिसला दुसरं, बुटकीला तिसरं, मला शेवटचं. कागदावर अक्षर नाही. गुरुजी एकेकाला व्हरांड्यात नेऊन कानात सांगत आणि बजावत, की दुसऱ्याचं कडवं त्याच्या तोंडूनच ऐकायचं. बुटकीचं मात्र मला पाठ आहे. तिच्या डोक्यात काही राहायचं नाही, म्हणून व्हरांड्यातून ती धावत माझ्याकडे यायची आणि विसरायच्या आत माझ्यापाशी ठेवून द्यायची. वर्गात मी मागच्या बाकावरून, तोंडावर तळवा धरून, हळूच सांगत असे. ती पोपटासारखी उचलायची.

शिस्त कडक. चौघांनी उभं राहायचं. टेबलावर पट्टी दोनदा वाजली की पहिल्यानं आपलं कडवं म्हणायचं आणि बसायचं. हाताची घडी, तोंडावर बोट. मग दुसऱ्यानं. ज्या दिवशी अख्खी कविता म्हणायची होती, त्या दिवशी गुरुजींनी आम्हाला उभं केलं, पट्टी उचलली, आणि खुर्चीतच गेले. वर्ग सोडून दिला. बसा, असं आम्हा चौघांना कुणी म्हटलंच नाही.

म्हातारपणी माणसाला काय काय हवंसं वाटतं! मला ती कविता पुरी ऐकायची आहे.

१५ मार्च

पैलवानाची फळबाग डोंगराच्या माथ्याखालीच. झाडं पांढऱ्या मोहरानं लगडलेली. गड्याची छाती आता पोटावर उतरली आहे, पण मिठी तीच, बरगड्या मोजणारी. सूनबाईला म्हणाला, हा आमचा कवी, याला जेवायला वाढा पण बोलायला लावू नका, नाहीतर तुमचा स्वयंपाक करपेल.

तंबू बागेतच ठोकला. संध्याकाळी आढेवेढे घेत तो उभा राहिला, हात मागे बांधून, शाळेसारखा :

डोंगरमाथ्यावरती आला
फुले माळुनी कुणी पाहुणा

माझ्या अंगावर काटा आला, सुखाचा. कुठेतरी टक टक झालं. सुतारपक्षी असावा. पैलवान माझ्या दुसऱ्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, पायांना बरं वाटलं रे, किती वर्षांनी बसल्यासारखं वाटतंय. मी तंबूत जाऊन आडवा झालो. तंबूच्या दारातून वर डोंगराच्या धारेवर एक माणूस उभा दिसत होता, डोक्यावर पांढरी फुलं. बागेतला गडी असणार.

१६ मार्च

पैलवान गेला. सकाळी सूनबाई चहा घेऊन आल्या तर तो खुर्चीतच होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. या वयात असं होतं.

एक हात घडी घालून काखेत, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर. सूनबाई रडत रडत म्हणाल्या, मिशी खाजवत असतील, सवयच होती. ते बोट काढायला दोघांना जोर लावावा लागला.

सूनबाईंना सांत्वनाचं बोलताना विचारलं, वर धारेवर कोणता गडी होता? त्या म्हणाल्या, गडी तर सगळे कालपासून सुट्टीवर आहेत.

१८ मार्च

चष्मिस नदीकाठी राहतो. घड्याळं दुरुस्त करायचा, आता डोळ्यांनी साथ सोडली. घरभर बंद घड्याळं. बातमी सांगितली तर आधी रडला, मग बोटाचं ऐकून खो खो हसला. मरतानाही गुरुजींना घाबरला बघ लेकाचा! मलाही हसू आलं. दुःखात असं हसू येतं.

नदीच्या पायऱ्यांवर बसलो होतो. नुकतीच सर पडून गेलेली, दगड चकाकत होते. तोच म्हणाला की आता पैलवानाच्या नावानं माझं कडवं ऐक. मी नको म्हटलं नाही. मला हवंच होतं. तो उठून उभा राहिला :

नदी उतरुनी आला जवळी
पाय तयाचे परी कोरडे

टक टक. या वेळी अगदी जवळ, दगडावर. चष्मिस खाली बसला, हुश्श म्हणाला. मी चहा टाकायला वर व्हॅनकडे गेलो. दोन कप घेऊन उतरलो.

हाताची घडी. तोंडावर बोट.

कप कुठे पडले ठाऊक नाही. आणि पायऱ्या. पाण्यापासून त्याच्यापर्यंत सगळ्या पायऱ्या ओल्या होत्या, आणि ओल्या दगडांवर पावलं उमटलेली होती. कोरडी.

१९ मार्च

चष्मिसच्या भाच्याच्या हवाली सगळं करून निघालो. भाचा म्हणाला, काका, आराम करा, तुम्हाला धक्का बसलाय. माझ्या वेडाला किती छान नाव दिलं पोरानं.

आम्ही उभे होतो. इतकी वर्षं. संसार केले, नोकऱ्या केल्या, आणि उभेच होतो. मी एकेकाच्या दारात जाऊन पट्टी वाजवतो आहे.

बुटकीला फोन लावला. कविता आठवायची नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही, असं ओरडलो. ती हसत सुटली. म्हणाली, अरे, मला ती शाळेत आठवली नाही ती आता आठवणार? इथे चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते मी. मला रडू आलं. वाचली, असं वाटलं. तिला आठवतच नाही!

मग ती म्हणाली, पण तू असा लपतोस काय? सकाळपासून गल्लीच्या टोकाला उभा आहेस, डोक्यात फुलं काय घातलीस, म्हातारचळ नुसता.

मी तिच्यापासून दिवसभराच्या रस्त्यावर आहे.

२० मार्च, सकाळ

पहाटेच पोचलो. बुटकीचं घर बैठं, पुढे लोखंडी फाटक, आत तिचा कुत्रा, जो म्हणे वाऱ्यावरही भुंकतो. माझ्यावर भुंकला. किती गोड वाटलं ते भुंकणं.

ती दारात आली. पिकलेले केस, पण डोळे तेच, काहीतरी विसरल्यासारखे. दवाखान्यात जन्मभर नर्स होती, माणसं जाताना पाहिलेली. माझं सगळं ऐकून तिनं हसणं थांबवलं. म्हणाली, तो फाटकापाशी आलाय आता. तुला दिसत नाही?

मला दिसला नाही. टक टक ऐकू आली. फाटकाच्या गजावर.

ठरवलं आहे. तिचं कडवं माझ्यापाशीच ठेवलेलं आहे, मीच म्हणणार. पाळी माझ्यावर येईल, बसेन मी. तिला सांगितलं की ओठ शिवून बस. तिनं मान हलवली. वर म्हणाली, जाताना तरी मागच्या बाकावरून नको, समोर ये.

दुपार

मी म्हटलं. ते कडवं मला मोठ्यानं म्हणताच येत नाही, कधी म्हटलंच नाही तसं. आपोआप आवाज उतरला. आपोआप तळवा तोंडावर आला.

फाटक माझे उघडे झाले
कडी न वाजे, श्वान न भुंके

आणि तिनं उचललं. पोपटासारखं. शब्दामागून शब्द. मी थांबलो तर ती पुढच्या शब्दासाठी माझ्या तोंडाकडे बघत राहिली, तशीच, दोन वेण्यांतली. मी थांबायला हवं होतं. मी सांगितला. पुढचा शब्द मी सांगितला तिला —

बसली. हसली. म्हणाली, आलं की रे मला!

कुत्रा पायाशी गप्प. फाटक उघडं आहे.

तिला आठवत नव्हतं. मी आलोच नसतो तर —

संध्याकाळ

लेकीला फोन केला. निघाली आहे. येऊ नको म्हणालो, ऐकत नाही. बाबा, जागेवरून हलू नका.

नाही हलत. उभा आहे. भिंतीला वही टेकवून लिहितो आहे. बुटकी खुर्चीत, मागे. तिच्याकडे बघत नाही. ते बोट —

जोवर उभा आहे तोवर कविता पुरी नाही. रुमाल तोंडात कोंबला आहे. दाताखाली धरला आहे. कडवं जिभेवर गरगरतं आहे, गोड, लिमलेटच्या गोळीसारखं. किती सुंदर आहे ते. त्या तिघांना ऐकवायचं राहिलं —

गुडघे

दाराबाहेर मोहराचा वास. या गल्लीत झाड नाही.

टक टक.

म्हणणार नाही. तोंड बंद आहे. गुरुजी, तोंड बंद आहे, बघा. लेक येईपर्यंत फक्त. नुसतं लिहीत राहायचं, काहीही, लिहिणं म्हणजे म्हणणं नव्हे, हात चालू ठेवायचा, हात —

हात थांबत नाही

टक टक.

दार लोटुनी आत पा