तेविसावा अर्थ

ती. मावशीच्या चरणी भाच्याचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून वाजतो का? आई बरी आहे. तिने तुला काहीही कळवायला सांगितलेलं नाही. मी तुला लिहितो आहे हेही तिला माहीत नाही, तेव्हा 'आई बरी आहे' हे माझ्या जबाबदारीवर समज. परवा तिने नवा चष्मा केला. तो लावून घरात आली आणि सगळ्यात आधी कपाटाच्या काचेआडचे चार कप पाहिले. मग चष्मा काढून ठेवला. तू शेवटची इकडे आलीस त्याला या महिन्यात दोन वर्षं झाली. मोजत कुणी नाही, पण भिंतीवरचं कॅलेंडर दोनदा बदललं, म्हणून म्हटलं.

मी अजून शब्दकोशातच आहे. गेली अडीच वर्षं मी एकाच शब्दावर काम करतो आहे. तो शब्द 'सेट'. (अडीच वर्षं हा आकडा ऐकून लोक हसतात. मग मी त्यांना एका कागदावर त्याचे अर्थ लिहून काढायला सांगतो. नवव्या अर्थाच्या आसपास ते गप्प होतात.) आमचा कोश आपल्या लोकांच्या तोंडी रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा आहे. प्रमुख संपादकांना ऑफिसात सगळे पूर्णविराम म्हणतात, कारण त्यांनी तोंड उघडलं की समोरच्याचं बोलणं संपतं. त्यांचे नियम तीन. वाक्य खऱ्या माणसाने बोललेलं हवं. ते त्याच्याकडून काढून घेतलेलं नको, आपसूक आलेलं हवं. आणि नंतर कार्डावर त्या माणसाची सही हवी. दुकानदारांची वाक्यं चालत नाहीत. माल खपवताना माणूस काहीही बोलतो, असं पूर्णविरामांचं मत आहे.

हे नियम वाचायला सोपे आहेत. पण एखाद्याने एखादा शब्द बोलावा म्हणून त्याच्या समोर बसून राहणं, आणि तो शब्द आपण न उच्चारणं, हे काय असतं ते मला विचार. केस सेट करण्याचा अर्थ मिळवायला मी एका महिन्यात चार वेळा न्हाव्याकडे गेलो. तो दर वेळी 'बसवू का?' म्हणाला. चौथ्या वेळी बसवायला काही उरलं नव्हतं. (ते वाक्य शेवटी पुढच्या खुर्चीतल्या नवरदेवाने दिलं. सही देताना त्याला वाटलं, मी लग्नाच्या नोंदणीचा माणूस आहे.)

दातांच्या डॉक्टरीणबाईंचं प्रकरण याहून लांबलं. एखादी ओली गोष्ट घट्ट होणे हा अकरावा अर्थ. दातात भरलेलं सिमेंट सेट होतं, म्हणजे तिथे हे वाक्य सापडणार, असा माझा हिशेब होता. माझे दात चांगले होते. तरी मी एक दुखतो म्हणून सांगितलं. बाईंनी तो कोरला, भरला आणि म्हणाल्या, 'आता हे सुकेपर्यंत तोंड मिटू नका.' सुकेपर्यंत! आठ दिवसांनी मी शेजारचा दात दाखवला. त्या वेळी 'वाळेपर्यंत' म्हणाल्या. तिसऱ्या दाताला 'घट्ट होईपर्यंत'. चौथा दाखवायला गेलो तेव्हा त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं आणि विचारलं, 'घरी कुणी आहे का तुमच्या? नाही म्हणजे, बोलायला?' मी आई आहे म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, 'मग तिच्याशी बोला. दात वाचतील.'

अकरावा अर्थ शेवटी ऑफिसच्या पायरीवर मिळाला. मी कार्डं चाळत वर चढत होतो. एकदम शिडीवरून गवंडी ओरडला, 'ओ साहेब! पाय काढा, पाय! सेट नाही झालं अजून!' मला इतका आनंद झाला की पाय न काढता मी आधी कार्ड काढलं. वाक्य लिहिलं, तारीख घातली, आणि त्याच्यापुढे सहीला धरलं. तो म्हणाला, 'आधी बूट काढा, मग सही देतो.' बूट निघाला नाही. पाय निघाला. सही मिळाली. ठसा अजून आहे, दुसऱ्या पायरीवर, डावा. पूर्णविराम रोज तो ओलांडून वर येतात.

असे बावीस अर्थ झाले. टेनिसचा, नाटकाचा, गजराचा, परगावी मुलगा सेट झाल्याचा. व्युत्पत्तीही झाली. तिथे एक गंमत आहे. हा मुळात एक शब्द नाही. एक जुन्या इंग्रजीतला, बसवणे या अर्थाचा. दुसरा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला, कुणाच्या मागून चालणाऱ्या लोकांचा. दोन वेगळ्या घरचे हे शब्द एका स्पेलिंगाखाली राहू लागले आणि शेकडो वर्षांत असे मिसळले की कुठला अर्थ कुणाकडून आला, हे जाणकारही ठामपणे सांगत नाहीत. (एका घरच्या दोघींविषयी मी काही लिहीत नाही.)

राहिला तेविसावा, आणि सगळ्यात सोपा: एकत्र वापरायच्या वस्तूंचा संच. तो घरात बोललेला हवा होता आणि घरात तो कुणीच बोलत नव्हतं. आपल्याकडेच बघ. आजीची ती निळ्या कडेची किटली, सहा कप, सहा बश्या, दुधाचं भांडं, साखरेचं भांडं. सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने आमच्याकडे. दर अदलाबदलीला तुम्ही दोघी जमिनीवर बसून एकेक नग कागदातून काढायच्या, मोजायच्या, मग त्याच कपांतून चहा प्यायच्या. पण तुम्ही त्याला कायम 'आईची कपबशी' म्हणत आलात. माझ्या लक्षात आलं, सगळे नग जागेवर असताना सेट हा शब्द कुणाच्या मनातच येत नाही. एखादा कमी झाला की येतो.

पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत साखरेच्या भांड्याचं झाकण कागदातून निघालंच नाही. आई म्हणाली, तुझ्याकडून येतानाच नव्हतं. तू म्हणालीस, 'मी स्वतः मोजून बांधलं होतं.' अर्ध्या तासात किटली, दुधाचं भांडं आणि चार कप इकडे राहिले. दोन कप आणि बोडकं साखरेचं भांडं घेऊन तू रिक्षात बसलीस. बश्यांचं कुणाला सुचलंच नाही. त्या आमच्याकडे आहेत, सहाच्या सहा.

असो. पत्र लांबलं. गुडघ्याला शेक देत जा. विशेष काही नाही.

तुझा भाचा

ता. क. सोबत एक कार्ड पाठवतो आहे, त्यावर सही कर. रिक्षात बसताना तू आईला म्हणालीस, 'आईचा सेट होता गं तो, आणि तू तो मोडलास!' हेच ते वाक्य. तेव्हापासून माझ्याकडे आहे, सही मागायचा धीर झाला नाही. नोंद सोमवारी छापायला जाते. सही नसेल तर तेविसावा अर्थ गळेल.

आणखी एक. कार्डाबरोबर एक छोटं पार्सल आहे. ते सही केल्यावर उघड. (तू आधीच उघडलं असणार, म्हणून लिहूनच टाकतो.) त्यात झाकण आहे. फुटलेलं नाही. त्या सकाळी मोजणीच्या आधी मी ते खिशात घातलं. म्हटलं, दोघींपैकी एक जण तो शब्द बोलेल, मी लिहून घेईन आणि चहाच्या आत झाकण जागेवर ठेवीन. चहा झालाच नाही. मी सांगितलं असतं तर वाक्य काढून घेतलेलं ठरलं असतं आणि कार्ड बाद झालं असतं. पहिले आठ दिवस मी या कारणाने गप्प होतो. नंतरची दोन वर्षं भीतीने. झाकण तेवढे दिवस माझ्या ऑफिसच्या खणात होतं. आता हे लिहिल्यामुळे कार्ड बाद झालं आहे, हे मला कळतं. तरी सही कर. तू पत्र इथपर्यंत वाचलं नव्हतंस, असं आपण दोघं धरू.

शेवटचं. पार्सलला दोरा आणायला आत गेलो, तेवढ्यात आईने नवा चष्मा लावून पत्र वाचलं. सगळं.  मग माझ्याकडे न बघता म्हणाली, 'झाकण याच्या खणात, चार माझ्याकडे, दोन तिच्याकडे. याला काय सेट म्हणायचं?' मी काही विचारलं नव्हतं. कुणी काही लपवलेलंही नव्हतं. हात आपोआप कोऱ्या कार्डाकडे गेला. आईने ते पाहिलं. मला जे म्हणाली ते आमच्या कोशात बसत नाही, पण सही केली.

तेव्हा तेविसावा अर्थ झाला. तुझ्या सहीची गरज उरली नाही. कार्ड पाठवत नाही. पार्सलही नाही, झाकण आईने काढून घेतलं आणि टेबलावर मांडून ठेवलं आहे. साखरेचं भांडं घेऊन रविवारी ये. बश्या धुतल्या आहेत.