राखणदाराचा चेंडू

मी, गोकुळदास विष्णू शेटगांवकर, वय एकाहत्तर, राहणार चोपडे, तालुका पेडणे, गोवा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके शाबूत आहे. शंका असेल त्याने माझ्याशी पत्ते खेळून पाहावे.

१. गोव्याच्या कायद्याने माझी पत्नी विनोदिनी अर्ध्या मालमत्तेची मालकीण आहेच. तिला देणारा मी कोण! चोपड्याचे घर तिच्या वाट्यात धरावे. ती असेपर्यंत तिथला पाटसुद्धा कोणी हलवू नये.

२. माझ्या अर्ध्यातला अर्धा भाग कायद्याने मुलांचा. त्यात नदीकाठचे माड मुलगा प्रज्योत याने घ्यावेत.

३. उरलेला भाग माझ्या मर्जीचा. त्यात तुयेच्या वरचा सडा, म्हणजे कातळाचे पठार, येतो. तो मुलगी सिद्धी हिला.

प्रज्योतला हा सडा बंगलेवाल्यांना विकायचा आहे. "बाबा, तो फातर मात्सो कुशीक काडूया," म्हणतो. राखणदाराचा, म्हणजे सड्याची राखण करणाऱ्या देवचाराचा, दगड बाजूला सारायचा म्हणे! रागावेल, दोन दिवस जेवणार नाही, मग आईच्या हातचे माशांचे हुमण बघून पानावर बसेल.

कारण लिहून ठेवतो. या सड्यावर तीन वर्षे 'सडा ओपन' नावाची व्यावसायिक गोल्फ स्पर्धा भरली. देशभरचे खेळाडू आले. मैदानाची देखभाल माझ्याकडे होती. अठराव्या खड्ड्याजवळ काजऱ्याच्या झाडाखाली राखणदाराचा चिरा आहे. पहिल्या वर्षी आयोजकांनी हौसेने माझ्याकडून गाऱ्हाणे घालून घेतले. मी सर्वांदेखत म्हटले, "हे म्हाराजा, तुज्या चिऱ्याकडे जें पडटलें तें तुजें." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" आयोजक सर्वांत मोठ्याने.

तिसऱ्या वर्षी, शेवटच्या दिवशी, सर्वांत पुढे असलेल्या खेळाडूचा चेंडू नेमका चिऱ्याला टेकून थांबला. तो काठी घेऊन आला. मी आडवा उभा राहिलो.

"गोकुळदास, बाजूला व्हा!" आयोजक ओरडले.

"व्हय म्हाराजा कोणी म्हटले होते?" मी विचारले.

नियमांच्या पुस्तकात राखणदार नव्हता. शेवटी खेळाडूने एक फटका दंड पत्करून दुसरा चेंडू घेतला, आणि बिचारा एकाच फटक्याने हरला. गुणफलकावर सिद्धी होती. चहूबाजूंनी आरडाओरडा चालू असताना तिने दंडाचा फटका मांडला आणि तिथेच उभी राहिली. मला पोरीचा फार अभिमान वाटला. म्हणून सडा तिला.

सिद्धीने काजू लावावेत, घर बांधावे, हवे तर पुन्हा गोल्फ भरवावे. चिरा मात्र हलवायचा नाही.

४. गवत दाबायचा रोलर गावच्या क्रिकेट मंडळाला. त्यांनी मला 'देवचाराचा अंपायर' असे नाव पाडले. आता ओढा म्हणावे!

५. चौथ्या वर्षी स्पर्धा भरली नाही. मैदानाला पाणी पुरवणारा माझा मित्र सदाशिव धुरी, मूळचा बांद्याचा, घरी येऊन ओरडला, "तुझ्या देवचारान माझो टँकर खाल्ल्यान!" तेव्हापासून आमचे बोलणे बंद. अहो, सड्यावरचे गवत दर मार्चात करपायचे, प्रायोजक दुसऱ्याच वर्षी कुरकुरू लागले होते. मी चुकलो नाही. आजही तसाच उभा राहीन.

पण मी नैवेद्याचा रोट घेऊन चिऱ्याकडे जातो, तेव्हा माझ्याआधी कोणीतरी तिथे बिडी ठेवून गेलेले असते. ती बिडी बांद्याला मिळते, इकडे नाही. माझ्यामागे सिद्धी बंगलेवाल्यांपुढे एकटी पडेल, हीच एक काळजी आहे. म्हणून सदाशिवाला साक्षीदार म्हणून बोलावले आहे. सही करण्याआधी त्याला हे सगळे ऐकावे लागेल.

६. तो चेंडू अजून चिऱ्याकडेच आहे. तो माझा नाही, म्हणून कोणाला देत नाही.

वरील मजकूर मी सर्वांसमोर वाचून दाखवला आणि खाली सही केली.

गोकुळदास वि. शेटगांवकर
चोपडे, १४ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:
१. सत्यवती नाईक, चोपडे
२. सदाशिव धुरी, तुये. बिडी माझीच. सिद्धीच्या पाठी मी आसंय. टँकराचा मात्र इसारलंय नाय.