कुटुंबात न मोडणारी बहीण

…हे खोडतो आणि पुन्हा लिहितो. आधी "आमचे घर" असे लिहिले होते. झिजवले आम्ही दोघा भावंडांनी असले तरी कागदोपत्री ते माझ्या एकट्याचे आहे, म्हणूनच मला ते देता येते.

मी, वय एकोणऐंशी, वारसा कायद्यावरील एका जाड भाष्याचा लेखक, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. भाष्याचे परीक्षण करणाऱ्या प्राध्यापकांचे मत वेगळे होते. ते त्यांनी एकोणीस पानांत छापले. त्यांच्या दुरुस्त्या मी पुढच्या आवृत्तीत गुपचूप घेतल्या. त्या त्यांना साभार परत कराव्यात.

१. राहते घर धाकट्या बहिणीला. कारण देतो. चाळीस वर्षांपूर्वी ती सासर सोडून आली आणि माझे हस्तलिखित टाईप करू लागली. तिसऱ्या प्रकरणातल्या एका तळटिपेपाशी टाईपरायटर थांबला.

"दादा, 'विवाहित बहीण कुटुंबात मोडत नाही.' असंच ठेवायचं?"

"कायदाच तसा आहे, बाई. मी काय करू?"

"म्हणजे मी मोडत नाही."

"नाही."

"बघ हं. लिहून दिलंयस."

तिने टीप बिनचूक टाईप केली आणि खरोखरच कधी मोडली नाही.

कायदा तसा नव्हता. "कुटुंब" या शब्दाची व्याख्या करायला तो विसरला होता. ती उणीव मी अक्कल पाजळून भरून काढली. पुढे न्यायालयांनी टीप उचलली. त्या टिपेमुळे किती बहिणी उंबऱ्याबाहेर गेल्या, ते विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. माझा पुतण्या वकील आहे. मी मृत्युपत्राविना गेलो, तर माझीच टीप दाखवून तो माझ्याच बहिणीला बाहेर काढील. टीप मी मागे घेतो. न्यायालय ऐकणार नाही, म्हणून हा कागद.

२. न खपलेल्या दोनशे सोळा प्रती पुतण्याला. "काका, तुमच्या पुस्तकाचा मोठा आधार आहे," असे तो नेहमी म्हणतो. त्याच्या कपाटाचा एक पाय तुटका आहे, हे मी पाहिले आहे.

३. टाईपरायटर बहिणीचाच आहे. दुसऱ्याची वस्तू मृत्युपत्राने देता येत नाही. एवढे तरी भाष्यात बरोबर आहे.

वरील मजकूर मोठ्याने वाचून, कोणाच्याही दडपणाशिवाय, दोघांसमक्ष सही केली.

ठिकाण : जेवणाचे टेबल
दिनांक : दहा ऑक्टोबर, सोमवार
सही : भाष्यकार
साक्षीदार : १. शेजारचे चष्मेवाले २. बहीण

अकरा ऑक्टोबर, सकाळ. बहिणीने भाष्य आणून चहाशेजारी उघडे ठेवले. पान दोनशे बारा : "साक्षीदार म्हणून सही करणाऱ्यास त्या मृत्युपत्रान्वये काहीही मिळत नाही." खाली माझेच वाक्य : "ही चूक केवळ अडाणी माणूस करतो."

"काल बोलली का नाहीस?"

"काल तू फार रंगात आला होतास, दादा."

हा कागद रद्द केला. तिने नवी प्रत टाईप केली. मी पुन्हा सही केली. साक्षीला चष्मेवाले आणि समोरचे शिंपी होते. बहीण तेव्हा स्वयंपाकघरात होती. दार तिने आतून लावून घेतले होते.