सीनेचा पूर आणि तुझी भिंत

जुळे सोलापूर,
मंगळवार, दुपार

प्रिय उत्कर्षा,

काल फोनवर तू हसत म्हणालीस, "आई, घाबरू नकोस, भिंत आहे." तेव्हापासून मी टीव्हीसमोरून उठलेली नाही. मामाच्या वैष्णवीने टीव्हीवर ते वादळ दाखवलं. सरळ तिकडे अमेरिकेत, तुमच्या गॅल्व्हेस्टन बेटाकडेच निघालंय.

तिकडे नोकरी लागली तेव्हा तूच सांगितलं होतंस, १९०० सालच्या वादळात त्या बेटावरची हजारो माणसं गेली. मग उरलेल्यांनी समुद्राकाठी भिंत बांधली, घरं जॅकवर उचलून खाली वाळू भरली, सगळं शहर उंच केलं. बाबांना त्याचं केवढं अप्रूप! गावात पारावर बसून भेटेल त्याला सांगायचे, "आमची पोरगी तसल्याच कामावर हाय." पण २००८ साली पाणी मागच्या खाडीतून शहरात शिरलं, हेही तूच सांगितलंस. म्हणून आता खाडीच्या तोंडाशी दरवाजे करायचे, त्याचे नकाशे तू काढतेस. ते अजून कागदावरच आहेत ना गं?

गेल्या वर्षी सीनेला पूर आला तेव्हा आपल्या गावालाही नदीच्या अंगाने दगडी भिंत होती. दुपारी तीनला शेजारचा बिरुदेव ट्रॅक्टर घेऊन दारात आला. "बाई, चला, पाणी लई वाढलंय." सगळी आळी ट्रॉलीत बसली होती. आम्ही राहिलो. पाचच्या सुमारास पाणी आलं ते मागच्या ओढ्याने. बाबांनी मला माळवदावर चढवलं आणि खालची शिडी वाहून गेली. त्यांचं मनगट माझ्या हातात होतं. मग नव्हतं.

तू आलीस, माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडलीस, "बाबा एवढे हट्टी कसे गं?" मी तुझ्या केसांतून हात फिरवत राहिले.

हट्ट त्यांचा नव्हता. ते ट्रॉलीत चढले होते, उत्कर्षा. "यशोदा, चल की," दोनदा म्हणाले. मी उंबऱ्यावरून हलले नाही. आपल्या घरात कधी पाणी आलंय का, असं मीच म्हणाले. म्हणून ते खाली उतरले. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. फोनवर शब्द फुटणार नाही, म्हणून लिहितेय. वैष्णवी या पत्राचा फोटो काढून आत्ताच पाठवेल. तुझा हृषीकेश घर सोडून निघू या म्हणतोय ना? त्याला उंबऱ्यावरून परत फिरवू नकोस. दार ओढून घे आणि निघ. माझ्यावर राग धरायचा तर गाडीत बसून धर.

तुझीच,
आई