दुसऱ्या तुकडीतली जागा

३० जानेवारी १९५८

चंदर येतोय!

कोंडाजीनं आज बाजारात थांबवून सांगितलं. खाडीतल्या पोहण्याच्या शर्यती तोच भरवतो. मुंबईहून काही नावं आलीत, त्यात एक चंदर चोगले — पट्टीचा पोहणारा आहे म्हणे. वय विचारलं. बाविशीतला असेल म्हणाला. माझा पोरगा चंदरही तेवढाच. त्याची आई रंगू वारली आणि तो मुंबईला मामाकडे निघून गेला. आईशिवाय या घरात बसवत नाही, म्हणाला. पहिल्या वर्षी दोन पत्रं आली. मग काही नाही.

३१ जानेवारी

शर्यतीला बारा जण. सोबतीच्या होड्या कमी, म्हणून सहा-सहाच्या दोन तुकड्या. आपली वेळ ज्यानं त्यानं सांगायची. सावकाश पोहणारे आधी, सकाळी आठला, ओहोटीच्या ओढीत. वेगवान दहाला, पाणी थांबल्यावर. नंबर मात्र सगळ्यांचे घड्याळावर.

चंदर दुसऱ्या तुकडीत असणार. मीही नाव दिलंय. मला तेरा मिनिटं लागतात. मी साडेदहा मिनिटं सांगितली. कोंडाजीनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि लिहून घेतली.

जिंकायचं नाही मला. या वयात कसलं जिंकणं? पण घरात समोरासमोर बसून आम्ही काय बोलणार? पाण्यात शेजारी असला की बोलावं लागत नाही.

२ फेब्रुवारी

घर झाडलं. दोन बांगडे भाजले. एकच गेला.

५ फेब्रुवारी

संध्याकाळी बायजाचा पोरगा दादू आला. जाळी विणतो तो. आत ये म्हटलं, आला नाही. दारातच उभा राहिला. त्यानं आपली वेळ खरी सांगितली होती — अकरा मिनिटं. माझ्यामुळे तो सातवा झाला आणि पहिल्या तुकडीत गेला. ओहोटीच्या ओढीत त्याचा नंबर लागणं कठीण. आणि पहिला येईल तोच जिल्ह्याच्या शर्यतीला जाणार.

मान खाली घालूनच बोलला, "काका, गेल्या साली तुमी माज्या मागं व्हतात. पवून माजी जागा घेतली असतीत, तर मी कायेक बोललो नसतो."

तो गेला.

६ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. त्या पोराचं बरोबर आहे. पण मग चंदर?

७ फेब्रुवारी

कोंडाजीकडे गेलो. माझी खरी वेळ तेरा, म्हटलं. तो हसला. सगळेच असं करतात म्हणाला — कुणी पुढच्यांत बसायला वेळ कमी सांगतो, कुणी मागच्यांत मिरवायला मुद्दाम जास्त. "येसाजी, राहू दे आता. कोण विचारतोय?"

दादूनं विचारलं, म्हटलं.

माझं नाव खोडून पहिल्या तुकडीत घातलं, दादूचं दुसऱ्या.

९ फेब्रुवारी, रविवार

आठला उतरलो. ओढ फार होती. शेवटचा आलो. अंग न पुसता धक्क्यावर बसून राहिलो, चंदर दिसावा म्हणून.

दहाला कोंडाजीनं नावं-गावं पुकारली. चंदर चोगले म्हणताच एक उंच पोरगा पुढे झाला. वेसाव्याचा.

माझा नव्हे.

नाव सारखं. एवढंच. किती वेळ त्याच्याकडेच बघत होतो.

दादू पहिला आला. पाण्यातून बाहेर येऊन त्यानं मला शोधलं, लांबूनच हात वर केला. मीही केला. मग माणसांनी त्याला घेरलं.

वेसाव्याच्या पोराला विचारावंसं वाटलं, मुंबईत आणखी कुणी चंदर चोगले ठाऊक आहे का. एवढी मोठी मुंबई! विचारलं नाही.

सकाळी भात दोघांचा टाकून गेलो होतो. उरलेला कुत्र्याला घातला.

१० फेब्रुवारी

उद्याच्या बोटीनं मुंबईला निघतो. चंदरनं बोलावलेलं नाही.