साबणातला डाग काढायला गेले त्याची हकिगत

तीर्थस्वरूप थोरल्या जाऊबाईंना,

धाकटीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढंच. उरलेलं भेटीत.) तुम्ही गुरुवारी बसने सुखरूप पोचलात हे कळलं. खोकला कसा आहे? भाऊजींचं पोट साफ होतं का? होत नसेल तर त्यांना म्हणावं आधी खुर्चीतून उठा, औषध बिचारं एकटं काय करणार. इकडे सगळे बरे आहोत. नुसते बरे नाही, चांगले बरे आहोत. आज दुपारी मी आठ दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणी घोरले, असं सून म्हणते.

पत्र बघून दचकू नका, कुणी गेलेलं नाही. फोन केला असता, पण आमचं घर दोन खोल्यांचं. एकीत मी कुजबुजले तरी दुसरीत सुनेला ऐकू जातं, आणि ही गोष्ट तिच्या कानावर जायला नको. माझं अक्षर तुम्हाला ठाऊकच आहे. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. जिथे अडेल तिथे भाऊजींना विचारा, तेवढंच ते उठतील.

तुम्ही इथे दोन दिवस होतात, पण दोन्ही दुपारी ढाराढूर झोपलात (झोपा हो, मी कुठे काय म्हणतेय), म्हणून मुळापासून सांगावं लागतंय. सुनेला साबण करायचं वेड आहे. कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवायचा, ते पाणी तेलात ओतायचं, ब्लेंडर फिरवायचा, आणि कपड्याच्या खळीइतकं दाट झालं की साच्यात ओतायचं. शिजवायचं नाही, गार गारच जमतं. इथवर माझं काही म्हणणं नाही. पण हिला साधा साबण चालत नाही, आत नक्षी पाहिजे. पांढऱ्यात निळा रंग सोडायचा आणि तार फिरवून त्याच्या लाटा करायच्या. आता तुम्हीच सांगा, मी तीस वर्षं लॉन्ड्रीत काढली. एकाचा रंग दुसऱ्याला लागू नये म्हणून जन्मभर जीव काढला. एकदा एक लाल मोजा पांढऱ्या चादरींत गेला तर मालक तीन दिवस माझ्याशी बोलला नव्हता. आणि ही बया माझ्या डोळ्यांदेखत मुद्दाम रंग लावते आणि वर विचारते, आई, छान दिसतंय ना? मी म्हणते, छान आहे, आता धुऊन काढ.

पण या खेपेला मी जिभेला इस्त्री केली आणि गप्प बसले. कारण मुलाला बदलीचं पत्र आलं होतं. लांबचं गाव, जायलाच एक दिवस लागतो. साहेब म्हणाले, विचार करून सांग. सून म्हणाली, माझ्या साबणाला इथे एक तरी कायमचं गिऱ्हाईक मिळालं तर मी इथून हलणार नाही. आणि ती नाही हलली तर तो कसला हलतोय, तो शर्ट कुठला घालू हेसुद्धा तिला विचारतो. स्टेशनजवळच्या गेस्ट हाउसची मालकीण म्हणाली होती, शुक्रवारी नमुना दाखव, आवडला तर दर महिन्याला चाळीस वड्या घेईन. म्हणजे आवडला तर घर भरलेलं, नाही आवडला तर मी आणि कपाट. मला काही फरक पडत नाही, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. शेजारणीला तर दोनदा सांगितलं.

तर बुधवारची दुपार. तुम्ही आतल्या खोलीत झोपलेल्या. सुनेने स्वयंपाकाच्या ओट्यावर साचा ठेवला, पांढरं ओतलं, आणि वरून निळ्याची बारीक धार सोडायला लागली. वेलीसारखी नाजूक रेघ काढायची होती. तेवढ्यात फोन वाजला. हात हलला आणि निळ्याचा हा एवढा गोळा, माझ्या तळव्याएवढा, भदकन मधोमध पडला. तिने पाहिलं, मी पाहिलं. फोन गेस्ट हाउसवालीचाच होता. आई, हात लावू नका, आलेच मी, असं म्हणून ती फोन घेऊन गॅलरीत गेली.

आता जाऊबाई, डाग ओला आहे तोवरच काढायचा असतो. वाळला की तो कापडाचा झाला. हे मी ठरवून करत नाही, हातच जातो. मी म्हटलं, एवढा गोळा अलगद उचलून घेतला की झालं, पोरीचं काम वाचेल. म्हणून लांब दांड्याचा चमचा घेतला. पण निळं काही चमच्यात येईना, त्याला शेपूट फुटलं. शेपटीच्या मागे गेले तर तिला आणखी तीन फुटली. मग सुनेची तार घेतली. (लॉन्ड्रीतलाच हँगर, तिने साच्याच्या मापाने वाकवून घेतलाय.) ती पार तळापर्यंत घातली, आपल्याकडे ओढली, वर घेतली, परत पलीकडे नेली. हिशोब असा की खालचं पांढरं वर येईल आणि डाग झाकला जाईल. पांढरं वर आलं, निळं खाली गेलं, आणि मधे एक तिसराच रंग उगवला जो कुणीही ओतलेला नव्हता. आणि तोवर ते सगळं दाट व्हायला लागलं. तार रुतली. जोर लावला तेव्हा पचक करून निघाली आणि दोन बोटांना लागली. कॉस्टिक म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. बोटं नळाखाली धरली, साच्यावर टॉवेल टाकला आणि पेपर घेऊन बसले. (बोटांचं सुनेला इस्त्रीचा चटका म्हणून सांगितलं. तीस वर्षांत इस्त्री मला एकदाही चावलेली नाही, हे तिला माहीत आहे.)

ती आली. टॉवेलचं टोक उचलून बराच वेळ बघत राहिली. परत झाकलं. अहो, ओरडली असती तर मीही ओरडले असते, दोघींचं मोकळं झालं असतं. गप्प बसणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

साबण दिवसभर टॉवेलखाली ठेवावा लागतो. तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. झालं का, झालं का, असं चारदा विचारलं. पाचव्यांदा ती म्हणाली, आई, तो घाई केल्याने होत नाही. गुरुवारी सकाळी तुम्ही गेलात आणि दुपारी तिने साचा सोडला. वरून ती साबणाची लादी म्हणजे फरशी पुसलेलं फडकं. सुनेने मला विचारलं, याला कुणी हात लावला होता का? (त्यावर मी काय उत्तर दिलं ते ता. क. मध्ये बघा.) मग तिने सुरी घातली. मी भिंतीकडे तोंड केलं.

काही आवाज येईना म्हणून वळले. जाऊबाई, निळीच्या पाण्यात मोठी चादर सोडावी आणि ती आतल्या आत उलगडत जावी, तसं दिसत होतं. दुसरी वडी कापली, ती आणखी वेगळी. तिसरी बघून तर मीच म्हटलं, थांब, ही वापरायची नाही. शुक्रवारी गेस्ट हाउसवाली आली, चष्मा लावला, वडी उलटसुलट केली. सून म्हणाली, वापरायला अजून महिनाभर मुरावी लागेल. ती म्हणाली, मुरू दे, पण मला हीच नक्षी पाहिजे, चाळीस, दर महिन्याला. मी आतल्या खोलीत जाऊन बसले. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. आज मुलाने साहेबांना नाही म्हणून कळवलं. सुटले बाई. छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटतंय.

भाऊजींना नमस्कार सांगा. जपून राहा, खोकताना तोंडावर रुमाल धरत जा.

तुमची धाकटी

ता. क. आता कामाचं. कुणी हात लावला होता का, असं सुनेने विचारलं तेव्हा मी म्हटलं, थोरल्या जाऊबाई पाणी प्यायला उठल्या होत्या बाई, हातात चमचा पाहिला खरा. त्या वेळी साबण बिघडलेला होता आणि तुम्ही बसमध्ये होतात, तुम्हाला काय त्रास होणार होता? पण आता तो चांगला निघाला. सून म्हणते, पुढच्या रविवारी मोठ्या आईंना फोन करून विचारते, नक्षी कशी केलीत. तेव्हा पाठ करून ठेवा: आधी चमचा, मग चार शेपट्या, मग तार, तळापर्यंत, आपल्याकडे, वर, पलीकडे, पचक. यापुढे काही विचारलं तर अंदाजाने केलं म्हणा. एवढं सगळं उगाच नाही लिहिलं.

ता. क. दुसरं. पाकीट फोडून लिहितेय. आत्ता सून शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, आई, मी गॅलरीच्या दारात उभी होते, सगळं बघितलं. मी म्हटलं, मग अडवलं का नाहीस? तर म्हणते, गोळा माझ्याच हातून पडला होता, म्हटलं बिघडलंच आहे तर निदान तुमच्या नावावर बिघडू दे. बघा! मला संताप यायला हवा होता, पण हसूच आलं. तरी मी काही कबूल झाले नाही. मी म्हटलं, मी नव्हेच, त्या जाऊबाई. ती म्हणाली, बरं, मग दर महिन्याला आठ दिवस मोठ्या आईंनाच बोलावून घेऊ.

तेव्हा मात्र मी लगेच कबूल केलं. राग मानू नका. रविवारी फोन आलाच, तर झोपले होते असं खरं ते सांगा.